बीबीसी मायक्रो आजच्या लॅपटॉपवर : एम्युलेटर सुरू करण्यापासून जुनी फ्लॉपी वाचण्यापर्यंत

१९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. त्यासाठी निवडलेलं यंत्र होतं केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचं बीबीसी मायक्रो. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये ‘एससीएल युनिकॉर्न’ या नावाने त्याची जुळणीही झाली. शाळेच्या बंद खोलीतला, चपला बाहेर काढून बघायचा तो पहिला कॉम्प्युटर, ज्याच्या कीबोर्डवर सगळ्यात वर केशरी-लाल बटणांची रांग होती, तो बहुतेक हाच.

हे यंत्र आज पुन्हा चालवायचं तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम. जुनं यंत्र कुणाकडे माळ्यावर असेल तर ते एकदम प्लगला लावू नका. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला जे फिल्टर कपॅसिटर असतात, ते इतक्या वर्षांनी फुटतात आणि घरभर धूर होतो. ते आधी बदलून घ्यावे लागतात. तोवर लॅपटॉपवर सगळी तयारी करून ठेवता येते, आणि माझ्या मते ती करायलाच हवी. त्या काळातले विकत मिळणारे खेळ आणि पॅकेजेस जगभरच्या हौशी लोकांनी केव्हाच जपून ठेवली आहेत. एखाद्या शिक्षकाने वर्गासाठी लिहिलेली प्रश्नमंजूषा किंवा एखाद्या मुलाने आठवीत केलेला आलेखाचा प्रोग्रॅम मात्र फक्त त्या एका फ्लॉपीवर आहे. ती वाचायची वेळ येईल तेव्हा एम्युलेटर हाताखालचा असावा, म्हणून हा लेख.

एक सूचना आधीच. या लेखात बेसिकचे, म्हणजे या यंत्रातल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे, आदेश मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष पडद्यावर ते इंग्रजी मोठ्या अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायचे. सगळे शब्द ओळखीचे आहेत: प्रिंट, लिस्ट, सेव्ह, लोड, मोड.

एम्युलेटर आत काय करतो

बीबीसी मायक्रो डिसेंबर १९८१ मध्ये आला. मॉडेल बी मध्ये ३२ केबी मेमरी आणि २ मेगाहर्ट्झवर चालणारा ६५०२ प्रोसेसर, म्हणजे घड्याळाचे सेकंदाला २० लाख ठोके. एम्युलेटर हा साधा प्रोग्रॅमच असतो. तो ६५०२ ची एकेक सूचना वाचतो, तिचं काम तुमच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरकडून करून घेतो आणि मूळ यंत्रात त्या सूचनेला किती ठोके लागले असते याचा हिशेब ठेवतो. त्याच हिशेबाने तो बाकीच्या चिपही पुढे सरकवतो: पडद्यासाठी ६८४५, आवाजासाठी ७६४८९, आणि टायमर व कीबोर्ड सांभाळणाऱ्या दोन ६५२२.

हा ठोक्यांचा हिशेब का लागतो ते ‘एलिट’ या १९८४ च्या खेळात दिसतं. त्याच्या पडद्याचा वरचा भाग दोन रंगांचा पण बारीक रेषांचा आहे, तर खालचा यानाच्या उपकरणांचा भाग चार रंगांचा. यंत्रात एका वेळी एकच मोड, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची आणि रंगांची एकच मांडणी, असते. म्हणून पडदा वरून खाली रंगवला जात असतानाच, अर्ध्या वाटेत, टायमरच्या इशाऱ्यावर प्रोग्रॅम मोड बदलतो. पडदा सेकंदाला ५० वेळा रंगवला जातो, म्हणजे प्रत्येक वेळी ४०,००० ठोके. त्यात हिशेब चुकला तर दोन भागांमधली सीमा थरथरते. चांगल्या एम्युलेटरमध्ये ती स्थिर असते, आणि एम्युलेटर पारखायची ही एक उत्तम कसोटी आहे.

मूळ यंत्राचे रॉम, म्हणजे १६ केबीची ऑपरेटिंग सिस्टीम आणि १६ केबीचं बेसिक, पुढे सांगितलेल्या एम्युलेटरबरोबर येतात. वेगळे शोधत बसायची गरज नाही.

पहिली पायरी : ब्राउझरमध्ये

काहीही डाउनलोड करण्याआधी जेएसबीब वापरून पाहा. मॅट गॉडबोल्ट यांनी जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला हा एम्युलेटर बीबीसी डॉट गॉडबोल्ट डॉट ऑर्ग या पत्त्यावर थेट ब्राउझरमध्ये चालतो. पान उघडलं की काळ्या पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’, खाली डिस्क सिस्टीमचं नाव, मग ‘बेसिक’ आणि ‘>’ हे चिन्ह दिसतं. ब्राउझर आवाज अडवून ठेवतो, म्हणून पडद्यावर एकदा क्लिक करा.

आता टाइप करा: प्रिंट हायमेम-पेज. मॉडेल बी आणि नेहमीची डिस्क सिस्टीम असेल तर उत्तर २५३४४ येईल. तुमच्या प्रोग्रॅमसाठी मोकळी असलेली ही मेमरी, बाइटमध्ये. २८१६० आलं, तर एम्युलेटर मॉडेल बी ऐवजी मास्टर या पुढच्या यंत्राची नक्कल करत असण्याची शक्यता जास्त. मेनूतून मॉडेल बदला, कारण शाळांमधल्या बहुतेक गोष्टी बी वर लिहिलेल्या असणार.

उत्तराऐवजी ‘मिस्टेक’ असा संदेश आला तर अक्षरं लहान पडली आहेत. बीबीसी बेसिकला आदेश मोठ्या अक्षरांतच लागतात. मूळ यंत्र सुरू होताना कॅप्स लॉक चालूच असायचा. एम्युलेटरमधली कॅप्स लॉकची स्थिती आणि लॅपटॉपवरचा दिवा यांचा मेळ बसेलच असं नाही, म्हणून दिव्याकडे न बघता पडद्यावर काय उमटतंय ते बघा.

कीबोर्ड : इथे वेळ द्या

बहुतेक लोक इथेच कंटाळून सोडून देतात, आणि तेही जेमतेम पंधरा मिनिटांच्या सवयीसाठी. दोन कीबोर्डची मांडणी वेगळी आहे, आणि प्रत्येक एम्युलेटर तुम्हाला पर्याय देतो. ‘नॅचरल’ किंवा ‘लॉजिकल’ मांडणीत लॅपटॉपच्या बटणावर जे छापलंय तेच उमटतं. ‘फिजिकल’ मांडणीत बटणाची जागा महत्त्वाची. त्या जागी बीबीसी मायक्रोवर जे होतं ते उमटतं.

प्रोग्रॅम लिहायला नॅचरल घ्या. जुने खेळ मात्र फिजिकलमध्ये चालवा, कारण त्यांच्यातली बटणं जागा बघून निवडलेली असतात. जेएसबीबमध्ये खेळांसाठी वेगळी तिसरी मांडणीही आहे. फिजिकलमध्ये काही ठिकाणं लक्षात ठेवावी लागतात. अवतरणचिन्ह शिफ्ट आणि २ वर आहे. कंस शिफ्ट ८ आणि शिफ्ट ९ वर. बरोबरचं चिन्ह शिफ्ट आणि वजाच्या बटणावर, अधिकचं शिफ्ट आणि अर्धविरामावर. सगळ्यात जास्त लागणारं ‘*’ हे चिन्ह अर्धविरामाच्या उजवीकडच्या बटणावर शिफ्टसह मिळतं. लॅपटॉपवर त्या बटणावर एकेरी अवतरणचिन्ह छापलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला बोट अडखळतं.

तीन बटणं नीट समजून घ्या. पहिलं ‘ब्रेक’. लॅपटॉपवर ते सहसा एफ१२ असतं, आणि बऱ्याच लॅपटॉपवर एफ१२ साठी एफएन धरावं लागतं. ब्रेक दाबलं की यंत्र नव्याने सुरू होतं आणि प्रोग्रॅम गेल्यासारखा वाटतो, पण तो मेमरीत असतो. लगेच ‘ओल्ड’ टाइप केलंत की परत येतो. दुसरं ‘एस्केप’, चालू प्रोग्रॅम थांबवायला. तिसरं ‘कॉपी’, लॅपटॉपवर बहुधा ‘एंड’ हे बटण.

कॉपीची गंमत वेगळी आहे. या यंत्रात आजच्यासारखा एडिटर नाही. ओळ दुरुस्त करायची तर आधी ‘लिस्ट’ करून ती पडद्यावर आणायची, बाणांच्या बटणांनी कर्सर त्या ओळीच्या सुरुवातीला न्यायचा, आणि कॉपी दाबून धरायचं. वरची अक्षरं एकेक करून खालच्या नव्या ओळीत उतरतात. चुकीच्या अक्षरापाशी थांबून योग्य अक्षर टाइप करायचं, बाणाने चुकीचं ओलांडायचं, पुन्हा कॉपी, आणि शेवटी रिटर्न. पडद्यावर जे काही दिसतंय ते पुन्हा ‘टाइप’ करता येतं ही कल्पना फार सुंदर आहे. सवय झाली की हात आपोआप चालतो.

वेग बरोबर आहे का

यंत्राकडे सेकंदाचे शंभरावे भाग मोजणारं ‘टाइम’ नावाचं घड्याळ आहे. तीन ओळी लिहा:

१० टाइम=०
२० रिपीट अनटिल टाइम>=६०००
३० व्हीडीयू ७

‘रन’ करा आणि मनगटी घड्याळाकडे बघा. बरोबर एका मिनिटाने बीप वाजायला हवा. आधी किंवा नंतर वाजला, तर एम्युलेटर ‘रिअल टाइम’ वेगात चालत नाही. मेनूत वेगाचा पर्याय तपासा, लॅपटॉपचा बॅटरी वाचवण्याचा मोड बंद करा, ब्राउझरचे बाकीचे टॅब मिटवा. आवाजासाठी ‘साउंड १,-१५,५३,२०’ टाइप करा: मधल्या सप्तकातला सी हा स्वर पूर्ण एक सेकंद वाजेल. आवाज तुटक येत असेल तरी कारण बहुतेक वेगाचंच असतं.

लॅपटॉपवर कायमचा एम्युलेटर

ब्राउझरमध्ये ओळख झाली की पुढचं काम लॅपटॉपवरच्या एम्युलेटरमध्ये करा. विंडोजवर माझी पसंती बीबएमला. डेव्ह गिल्बर्ट यांनी तो १९९४ मध्ये युनिक्ससाठी लिहिला, नंतर विंडोजवर आला आणि आजही त्यात सुधारणा होत आहेत. लिनक्सवर बी-एम आहे. टॉम सेडन यांचा बी२ विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हीवर चालतो.

बसवल्यावर हार्डवेअरच्या मेनूत मॉडेल बी निवडा. डिस्क कंट्रोलरचे दोन मुख्य पर्याय दिसतील, ८२७१ आणि १७७०. पहिला मूळचा, दुसरा नंतरचा. ८२७१ पासून सुरुवात करा. कॉपी-संरक्षण असलेल्या काही डिस्क त्याच्याशिवाय चालतच नाहीत. १७७० ची गरज एडीएफएस या नंतरच्या फाइल सिस्टीमसाठी पडते.

पडद्याचं प्रमाण ४:३ वर बांधून ठेवा. लॅपटॉपचा पडदा रुंद असतो, तो भरून टाकायचा मोह होतो, पण मग वर्तुळं लंबगोल होतात आणि शाळेच्या भूमितीच्या प्रोग्रॅममधले चौरस आयत दिसायला लागतात.

फोनवरही जेएसबीब उघडतो, पण पडद्यावरच्या कीबोर्डने फार काही होत नाही. ब्लूटूथ कीबोर्ड जोडा. एक गोष्ट सांगण्यासारखी: फोनमधला प्रोसेसर एआरएम घराण्यातला असणार, आणि एआरएमचा जन्म याच एकॉर्न कंपनीत झाला. सोफी विल्सन यांनी त्या प्रोसेसरच्या सूचनांचं प्रारूप बीबीसी बेसिकमध्येच तपासून पाहिलं होतं आणि १९८५ साली पहिली चिप चालू झाली. फोनवर बीबीसी मायक्रो चालवणं म्हणजे नातवाने आजोबांची नक्कल करून दाखवणं.

डिस्क इमेज : चढवणं, जपणं

जुन्या फ्लॉपीची हुबेहूब प्रत एका फाइलमध्ये साठवली की तिला डिस्क इमेज म्हणतात. बीबीसी मायक्रोच्या जगात दोन प्रकार नेहमी भेटतात: एका बाजूची एसएसडी आणि दोन्ही बाजूंची डीएसडी. इथली एसएसडी म्हणजे लॅपटॉपमधली हार्ड डिस्क नव्हे, फक्त फाइलच्या नावाचा शेपटा. हिशेब सोपा आहे. एका ट्रॅकवर, म्हणजे डिस्कवरच्या एका वर्तुळावर, १० सेक्टर म्हणजे तुकडे, एका सेक्टरमध्ये २५६ बाइट. ८० ट्रॅकची एक बाजू २,०४,८०० बाइटची, ४० ट्रॅकची १,०२,४०० बाइटची. इमेज याहून लहान असेल तर घाबरू नका, शेवटचे रिकामे सेक्टर बऱ्याचदा गाळलेले असतात.

सरावासाठी कायदेशीर आणि भरपूर साहित्य हवं असेल तर बीबीसीने २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या आपल्या संगणक साक्षरता प्रकल्पाचा संग्रह खुला केला आहे. त्यात त्या काळचे १६६ प्रोग्रॅम ब्राउझरमध्येच चालवता येतात. बाकी संकेतस्थळांवर हजारो इमेज आहेत, पण त्यांतल्या अनेकांचे हक्क आजही कुणाचे तरी आहेत हे ध्यानात ठेवावं.

इमेज चढवायची तर मेनूतून ती ड्राइव्ह ० मध्ये लोड करा. मग शिफ्ट धरून ठेवा, ब्रेक दाबून सोडा, आणि त्यानंतर शिफ्ट सोडा. हा क्रम महत्त्वाचा आहे. डिस्कवर बूट नावाची फाइल असेल तर ती आपोआप सुरू होते. नसेल तर ‘*कॅट’ टाइप करून यादी बघा. फाइलचं नाव जास्तीत जास्त ७ अक्षरांचं आणि एका बाजूला फक्त ३१ फाइली, त्यामुळे यादी एका नजरेत येते. दुहेरी डिस्कची दुसरी बाजू बघायला ‘*ड्राइव्ह २’. बेसिकचा प्रोग्रॅम लोड करून लगेच चालवायला ‘चेन’ आणि पुढे अवतरणात नाव. तरीही ‘बॅड प्रोग्रॅम’ आलं तर ती फाइल बेसिकची नसून मशिन कोडची, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांची, असू शकते. ‘*रन’ करून बघा.

कुठलीही इमेज उघडण्याआधी तिची दुसरी प्रत करा आणि काम प्रतीवरच करा. बीबएममध्ये डिस्कला राइट-प्रोटेक्ट लावायचा पर्याय आहे, तो चालूच ठेवा. स्वतःच्या कामासाठी मेनूतून नवी कोरी डिस्क तयार करा, ड्राइव्ह १ मध्ये ठेवा आणि फक्त तिचं संरक्षण काढा. सेव्ह करताना ‘डिस्क रीड ओन्ली’ आलं तर संरक्षण अजून लागलेलं आहे. ब्राउझरमध्ये याहून जपून: टॅब बंद केला की डिस्कवरचे बदल जातात, म्हणून उठण्याआधी मेनूतून इमेज डाउनलोड करून घ्या.

आता स्वतः काहीतरी लिहा

खेळ चालवून बघितले, मजा आली, आणि एम्युलेटर बंद झाला तो कायमचाच, असं खूप होतं. हे यंत्र समजतं ते त्यावर लिहिताना. पहिला धडा मेमरीचा. ‘मोड ०’ टाइप करून पुन्हा ‘प्रिंट हायमेम-पेज’ विचारा. आता उत्तर ५८८८. मघाशी २५ हजारांवर असलेली मोकळी जागा सहा हजारांच्या खाली आली, कारण मोड ० चा ६४० गुणिले २५६ ठिपक्यांचा पडदा एकटाच २० केबी खातो, आणि पडद्याची मेमरी त्याच ३२ केबीतून जाते. सुरुवातीचा मोड ७ मात्र टेलिटेक्स्टचा, म्हणजे टीव्हीवरच्या मजकुराच्या पानांच्या धर्तीचा, असल्याने १ केबीत भागवतो. त्या काळच्या प्रोग्रॅमरने प्रत्येक ओळ का चिमटीत धरून लिहिली, ते या दोन आकड्यांत दिसतं.

दुसरं, मराठी अक्षर काढून बघा. या यंत्रात देवनागरी नाही, पण २२४ ते २५५ क्रमांकांची अक्षरं आपण घडवू शकतो. चौकटीच्या वहीत ८ गुणिले ८ चौकोन आखा. वरची पूर्ण ओळ शिरोरेघेसाठी भरा. खाली ‘म’ चे दोन दांडे, मधली आडवी रेघ आणि डावीकडची छोटी गाठ. प्रत्येक ओळीत भरलेल्या चौकोनांची किंमत डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशी धरून बेरीज करा. मी काढलेला ‘म’ असा:

१० मोड ४
२० व्हीडीयू २३,२२४,२५५,३४,३४,३४,१२६,१६२,६६,२
३० व्हीडीयू २२४
४० व्हीडीयू २२४

रन करा. दोन ‘म’ शेजारी उमटतील आणि शिरोरेघ सलग दिसेल, कारण तिने आठही चौकोन व्यापले आहेत. मोड ७ मध्ये हे चालत नाही, तिथली अक्षरं वेगळ्या चिपमध्ये कोरलेली असतात. आठ चौकोनांत ‘म’ बसतो, ‘न’ आणि ‘ग’ ही बसतात, ‘क्ष’ ला मात्र दोन घरं द्यावी लागतील. वेलांट्या आणि उकार वर-खाली जातात, म्हणजे त्यांच्यासाठी ओळीच्या वर आणि खाली आणखी एकेक घर. एका सुट्टीच्या दुपारी मुलांबरोबर बसून आपलं नाव तयार करण्यासारखा दुसरा चांगला पहिला प्रोग्रॅम मला माहीत नाही.

झालं की ‘सेव्ह’ आणि पुढे अवतरणात नाव. नाव ७ अक्षरांत.

मजकूर आत आणि बाहेर

मासिकातली किंवा वहीतली लांब यादी एम्युलेटरमध्ये टाइप करण्याऐवजी लॅपटॉपच्या साध्या नोटपॅडमध्ये लिहा आणि बीबएमच्या एडिट मेनूतून पेस्ट करा. तो मजकूर जणू कुणी भराभर टाइप करतंय असा आत जातो. वर्डमध्ये किंवा व्हॉट्सअॅपवर लिहू नका. तिथे सरळ अवतरणचिन्हाचं वळणदार होतं आणि बेसिकला ते कळत नाही.

उलट दिशेला एक अडचण आहे. डिस्कवरची बेसिक फाइल साधा मजकूर नसते. प्रत्येक आदेश एकेका सांकेतिक बाइटमध्ये दाबलेला असतो. ती थेट लॅपटॉपवर काढून नोटपॅडमध्ये उघडली तर कचरा दिसतो, आणि फाइल बिघडली असं वाटून कुणी ती पुसूनही टाकतं. तसं करू नका. एम्युलेटरमध्ये प्रोग्रॅम लोड करा आणि एडिट मेनूतून कॉपी निवडा. बीबएम आतल्या आत लिस्ट करून वाचता येणारा मजकूर क्लिपबोर्डवर देतो. दुसऱ्या एम्युलेटरमध्ये ‘*स्पूल’ आणि नाव, मग ‘लिस्ट’, मग नुसतं ‘*स्पूल’ असं केलं की यादी मजकुराच्या फाइलमध्ये डिस्कवर जाते.

कॅसेट

कॅसेटवरचा प्रोग्रॅम असेल तर चांगल्या टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या जागेतून लॅपटॉपमध्ये वेव्ह फाइल म्हणून रेकॉर्ड करा. मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, आवाज सुधारण्याचे सगळे पर्याय बंद. टेपच्या त्या किंचाळण्यात १२०० आणि २४०० हर्ट्झचे दोनच सूर असतात, तेच शून्य आणि एक. वेव्हवरून यूईएफ या प्रकारची फाइल बनवणारी मोफत साधनं आहेत, आणि एम्युलेटर यूईएफ वाचतात.

इथे एक खाचखळगा नक्की भेटतो. डिस्क सिस्टीम बसवलेल्या यंत्रात प्रोग्रॅमची जागा ६४०० पासून सुरू होते. नुसत्या कॅसेटच्या यंत्रात ती ३५८४ पासून. म्हणून कॅसेटचे मोठे प्रोग्रॅम लोड होताना ‘नो रूम’ म्हणतात. आधी ‘*टेप’, मग ‘पेज=३५८४’, मग ‘न्यू’, आणि त्यानंतर ‘चेन’ पुढे रिकामी अवतरणं. बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं.

तुमची स्वतःची फ्लॉपी

बाजारात मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंची असतो आणि या डिस्क सव्वापाच इंची. शिवाय त्यांच्यावरची नोंद जुन्या सिंगल डेन्सिटी पद्धतीची, जी ते ड्राइव्ह वाचतच नाहीत. लागतो तो जुन्या पीसीतला सव्वापाच इंची ड्राइव्ह, त्याला ५ आणि १२ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय, ३४ पिनांची केबल आणि ग्रीजवीझलसारखं छोटं सर्किट, जे यूएसबीने लॅपटॉपला जोडतं. ते डिस्कवरचा मजकूर न वाचता चुंबकीय बदलांच्या वेळा जशाच्या तशा टिपतं. त्याचा अर्थ नंतर लॅपटॉपवर लावता येतो. १.२ एमबीचा ड्राइव्हही वाचायला चालतो. ४० ट्रॅकची डिस्क असेल तर हेड, म्हणजे ड्राइव्हचा डिस्कला टेकून वाचणारा भाग, प्रत्येक वेळी दोन पावलं सरकवायची सूचना द्यावी लागते.

डिस्क आत घालण्याआधी उजेडात धरा. कोकण, गोवा, मुंबई इथल्या दमट हवेत राहिलेल्या डिस्कवर मधल्या खिडकीतून पांढरे ठिपके किंवा जाळी दिसेल. ती बुरशी आहे. अशी डिस्क तशीच फिरवली तर हेड बुरशीने भरतो, थर खरवडला जातो, आणि तोच हेड पुढच्या चांगल्या डिस्कलाही ओरखडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पृष्ठभाग हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि प्रत्येक डिस्कनंतर ड्राइव्हचा हेडही पुसा. बाजूच्या चौकोनी खाचेवर चिकटपट्टी लावा. सव्वापाच इंची डिस्कला खाच झाकली की लिहिणं बंद होतं.

सगळ्यात आधी कच्ची नोंद सेव्ह करा, प्रत्येक ट्रॅकचे दोन-तीन फेरे घेऊन. मग ग्रीजवीझलच्याच साधनाने, एकॉर्न डीएफएस (बीबीसी मायक्रोची नेहमीची डिस्क सिस्टीम) हा प्रकार निवडून, त्या नोंदीतून एसएसडी बनवा. काही सेक्टर वाचले गेले नाहीत तर डिस्क पुन्हा पुन्हा फिरवू नका. हेड पुसा आणि एकदाच प्रयत्न करा. कच्ची नोंद हातात असेल तर अर्थ लावायचे प्रयत्न हवे तितके करता येतात, डिस्कला हात न लावता.

एसएसडी बीबएममध्ये चढवा, ‘*कॅट’ करा, प्रत्येक प्रोग्रॅम उघडून त्याची यादी मजकुरातही काढून ठेवा. डिस्कवरच्या चिठ्ठीचा फोटो घ्या. त्यावर शाळेचं नाव, वर्ग, वर्ष, कुणाची सही असेल तर ती फाइलच्या नावात आणि सोबतच्या एका छोट्या मजकूर फाइलमध्ये उतरवा. कच्ची नोंद, एसएसडी, यादी आणि फोटो एका फोल्डरमध्ये, आणि त्या फोल्डरची एक प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी घरी. शाळा अजून चालू असेल तर तिसरी प्रत शाळेला द्या.